पंपवाला आणि खालची पट्टी

बाराशे एकरांच्या त्या शेतावर तीन ड्रायव्हर होते, दोन फिटर होते, गोदामाचा एक कारकून होता आणि हंगामाप्रमाणे कमीजास्त होणारी साठ-सत्तर माणसं होती. पण पंपवाला एकच होता. ट्रॅक्टरमागे जोडलेली दोन हजार लिटरची टाकी आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेले चोवीस मीटरचे लोखंडी हात, एवढा लवाजमा घेऊन तो बावीस वर्षं त्या रानात फिरला. कुठल्या पिकाला कुठलं औषध, किती पाण्यात किती, वारा कुठून सुटला की थांबायचं, सगळं तोंडपाठ. शेतावर विषाला औषधच म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

कामात तो चोख होता. "मी फवारलेल्या गव्हात सुटलेला एक पट्टा दाखवा आणि माझा महिन्याचा पगार घेऊन जा," असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा. पगार कुणी नेला नाही. बोलायला कमी, विचारलं तेवढंच सांगायचा, आणि मोठ्या मालकांना तो आवडायचा तो याच गुणासाठी. त्यांनी त्याला फाटकाजवळच्या दोन खोल्या दिल्या होत्या. "मी आहे तोवर तुझं छप्पर हलत नाही," असं ते चार माणसांत म्हणाले होते.

संध्याकाळी घरी आला की बायको त्याला दारातच थांबवायची. आधी अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत, मग आंघोळ, मग घरात पाऊल. "तुम्ही आलात ते मला डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं," ती म्हणायची. त्यांना मूल झालं नाही. एका डॉक्टरने एकदा नवऱ्याचं काम काय म्हणून विचारलं, ऐकून पेन खाली ठेवलं आणि दुसरंच काही बोलू लागला. तो विषय नवराबायकोंनी नंतर कधी काढला नाही.

त्याच्या नोकरीच्या आठव्या वर्षी एका औषधावर बंदी आली. गोदामात त्याचे त्रेसष्ट ड्रम पडून होते. ते परत पाठवायचे, लांबच्या कारखान्यात जाळायला लावायचे आणि तसा कागद सरकारला द्यायचा, असा नियम होता. मोठ्या मालकांनी एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं.

"खालच्या पट्टीत खड्डा घ्या," ते म्हणाले. "तिथे नाहीतरी काही पिकत नाही."

खालची पट्टी म्हणजे शेताचा सगळ्यात सखल तुकडा, चाळीस एकरांचा. पाणी साचून राहायचं, गहू पिवळा पडायचा. दोघांनी चार तासांत ड्रम पुरले, वरून माती ओढली, ट्रॅक्टर चारदा फिरवला. दुसऱ्या दिवशी कारकून रजेवर होता म्हणून कागदावर सही करायला मालकांनी पंपवाल्यालाच बोलावलं. 'सर्व माल विल्हेवाटीसाठी रवाना केला,' असं त्यावर छापलेलं होतं. त्याने वाचलं आणि सही केली. चार वर्षांनी ट्रॅक्टरवाला पोटाच्या दुखण्याने गेला. त्यानंतर ती जागा दोनच माणसांना ठाऊक होती.

बाविसाव्या वर्षी मोठ्या मालकांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. मुलगी परगावची नोकरी सोडून आली. चाळिशीची होती, एकटी होती, आणि लहानपणी याच शेतावर गुडघे फोडून घेतलेली होती. पंपवाला तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला काका.

आल्या आल्या ताईने मशीनच्या शेडमध्ये सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, की आपण आता शेती वेगळ्या पद्धतीने करणार, तिला पर्माकल्चर म्हणतात.

मागून एक फिटर म्हणाला, "म्हणजे आम्ही सगळे पर्मनंट होणार का?"

शेडभर हशा पिकला. ताईही हसली. "जमीन पर्मनंट झाली तर तुम्हीही व्हाल," ती म्हणाली. मग तिने भिंतीवर शेताचा नकाशा लावला आणि काय करायचं ते नीट समजावलं. पाणी पळून जातं तिथे त्याला चालायला लावायचं. उताराला आडवे, नावाला कलते असे चर काढायचे, चराच्या काठाने झाडांच्या रांगा, अक्रोड, नाशपती, मधूनच पाल्याची झाडं. दोन रांगांमध्ये गहू, वाटाणा, घेवडा आलटूनपालटून. कापणी झाली की त्या रानात गुरं सोडायची, गुरांमागून कोंबड्या. एकाचा कचरा दुसऱ्याचं खाणं.

"आणि रांगांमधलं अंतर हार्वेस्टरच्या रुंदीच्या बरोबर चौपट," ती म्हणाली. "मला हौसेची बाग करायची नाही. बाराशे एकर आहेत, इतकी घरं यावर चालतात. यातून नफा झाला नाही, तर पाच वर्षांत आपण पुन्हा टाकीवर येऊ. आणि शेजारचे म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो."

पंपवाला शेवटच्या बाकावर बसला होता. टाकी जाणार, म्हणजे आपणही जाणार, एवढंच त्याला त्यातून कळलं.

पण पहिलं वर्षभर ताईने कशालाच हात लावला नाही. आधी बघायचं, मग करायचं, असा तिचा नियम होता. एकेका माणसाला घेऊन ती रान पायी फिरायची आणि वहीत लिहून घ्यायची. दव कुठे उशिरा उडतं, पाखरं कुठे उतरतात, माती कुठे तळव्याला चिकटते. पंपवाल्याला घेऊन ती खालच्या पट्टीत गेली. उन्हं उतरत होती. ती बरोबर खड्ड्यावर उभी राहिली. तिला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण पंपवाल्याची नजर तिच्या बुटांवरून हलेना.

"काका, या रानाचं तुम्हाला माहीत आहे आणि मला दिसत नाही, असं काही आहे का?"

असं त्याला बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. मग त्याला त्या कागदावरची सही आठवली, फाटकाजवळच्या दोन खोल्या आठवल्या.

"इथे पाणी साचतं, ताई. ट्रॅक्टर रुततो."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने वहीत लिहिलं.

टाकी विकली गेली, पण पंपवाला राहिला. त्याच्याइतका रानाचा चढउतार कुणाच्या पायांना ठाऊक नव्हता, म्हणून ताईने त्याच्या हातात आखणीचं लेव्हल दिलं. तीन पायांवर ती दुर्बीण उभी करायची, समोरच्याने पट्टी धरायची आणि आकडा वाचायचा. तो महिन्याभरात तयार झाला. खुंट्या ठोकत ठोकत त्याने सगळं शेत आखून काढलं. कलता चर शंभर मीटरला फक्त वीस सेंटिमीटर उतरायचा. चालणाऱ्याला कळायचंही नाही, पाण्याला मात्र बरोबर कळायचं. पन्नाशीच्या माणसाला नवीन हुन्नर आला की तो जरा मिरवतोच. त्याचं बोलणं वाढलं. बायको त्याला दारात थांबवेनाशी झाली.

मग तळ्याची वेळ आली. ताईने नकाशावर खालच्या पट्टीच्या मधोमध वर्तुळ काढलं. सगळ्यात सखल जागा, तळं तिथेच हवं.

"तिथे खडक लागेल," पंपवाला म्हणाला. "मागे विहिरीसाठी बघितलं होतं. दीडशे पावलं वर घ्या."

विहिरीसाठी कुणी काही बघितलं नव्हतं. पण लेव्हल त्याच्याकडे होतं आणि त्याचा शब्द आजवर चुकला नव्हता. ताईने वर्तुळ खोडून वर काढलं. त्या दिवशी पंपवाल्याला वाटलं, सुटलो. ड्रम आहेत तिथे राहतील, आपण जाऊ, मालक जातील, विषय संपेल. तळ्याचं पाणी खाली झिरपत जाणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पाणी कुठून कुठे जातं, हेच तर तो वर्षभर आखत होता.

तिसऱ्या वर्षी बदकं आली. नाशपतीच्या कोवळ्या झाडांना गोगलगायी लागल्या होत्या आणि ताई औषध वापरायची नाही. आठशे बदकं आणली आणि ती सांभाळायला पंपवाल्याच्या बायकोला विचारलं. ती आजवर पॅकिंगच्या शेडमध्ये फळं निवडायची, मान खाली घालून. तिने एक दिवस विचार केला आणि हो म्हणाली.

त्यानंतरची चार वर्षं ती बाई वेगळीच होती. सकाळी दार उघडून ती फक्त "चला" म्हणायची आणि आठशे बदकं झाडांच्या रांगांतून तिच्यामागे डुलत निघायची. दुपारी खालच्या पट्टीतल्या चरात उतरायची, गाळात चोची खुपसायची. लंगडं कोण, आळशी कोण, भांडकुदळ कोण, तिला सगळं माहीत. एका बदकाला ती कारकूनसाहेब म्हणायची, कारण ते रोज उशिरा यायचं आणि आधी खायला पुढे असायचं. लोक तिला बदकवाली वहिनी म्हणू लागले. अंड्यांना शहरातल्या दुकानांतून मागणी येऊ लागली. सहाव्या वर्षी शेताला पहिल्यांदा नफा झाला, आणि तो मोठ्या मालकांच्या चांगल्या वर्षांपेक्षा जास्त होता. एका पिकाने मान टाकली तरी दुसरी तीन उभी राहायची. शेजारचे शेतकरी गाड्या घेऊन बघायला यायचे आणि ताई त्यांना आखणी दाखवायला पंपवाल्याला पुढे करायची. बायको लांबून बघायची आणि पदराने तोंड पुसल्यासारखं करून हसायची.

सातव्या वर्षी, पेरणी आटोपली तेव्हा, एका सकाळी नऊ बदकं उठली नाहीत. उरलेल्यांतली काही मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरत होती. पंपवाल्याने दारातून बघितलं आणि त्याला तिथल्या तिथे कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, तेच औषध पोटात गेलेल्या एका बैलाला त्याने असंच फिरताना बघितलं होतं.

जनावरांचा डॉक्टर आला. "दाण्याला बुरशी लागली असेल," म्हणाला आणि नमुने लॅबला पाठवले. तीन आठवडे लागतील म्हणाला. बायकोने सगळा दाणा फेकून दिला. भांडी कढत पाण्याने घासली, हाताला फोड येईपर्यंत. तरी रोज वीस-तीस मरत होती. पॅकिंगच्या शेडमध्ये कुजबुज सुरू झाली, की बाईचं लक्ष नव्हतं, ओला दाणा घातला असणार. तिच्या कानावर आलं. तिने भांडण केलं नाही, संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल हो."

तो उठून कुदळ आणायला गेला.

मेलेल्या बदकांसाठी खड्डे तोच घेत होता. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, "खालच्या पट्टीतच घ्या की, माती मऊ आहे." "नको," तो म्हणाला आणि वरच्या कडक मुरमात तासभर कुदळ मारत राहिला. बायको एकेक बदक पायांना धरून आणून देत होती. कारकूनसाहेब तिने हातांत आडवा धरून आणला.

हे अकरा दिवस चाललं. अंड्यांची गाडी या अकरा दिवसांत चार वेळा शहरात गेली. पंपवाला घरात अंडं खात नव्हता. पोट बिघडलंय म्हणायचा. बायको रोज खात होती. बदकं घालतात ते वाया कशाला घालवायचं, म्हणत होती. तो समोर बसून आपल्या ताटात बघत राहायचा. उद्या सांगू, असं त्याने अकरा वेळा ठरवलं. डॉक्टर म्हणतो तशी बुरशीच निघाली तर, असंही त्याच्या मनात यायचं, आणि त्याच्या भरवशावर तो एकेक दिवस ढकलायचा.

बाराव्या दिवशी सकाळी तिने अंडं सोललं आणि मीठ घेतलं, तेव्हा त्याने तिचा हात धरला.

"नको खाऊस."

"का?"

त्याने सांगितलं. ड्रम, मालक, सही, तळं, सगळं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती ऐकत होती, हातात ते अंडं तसंच.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मी रोज खाल्लं."

"हो."

"तू मला खाताना बघत होतास," ती म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारात ती त्याला पहिल्यांदा तू म्हणाली. तिने अंडं बशीत ठेवलं, हात धुतले, पुन्हा धुतले, चपला घातल्या आणि सरळ ऑफिसकडे चालू लागली. तो तिच्यामागून गेला.

ताईने ऐकून घेतलं आणि आधी फोन उचलून अंड्यांची गाडी थांबवली. मग तिने नकाशाकडे बघितलं.

"तळं तुम्ही वर घ्यायला लावलंत."

"हो."

"मी म्हटलं होतं तिथेच खोदलं असतं तर?"

"पहिल्या दिवशी मशीनला ड्रम लागले असते," पंपवाला म्हणाला. "आता वरून पाणी झिरपतं आणि खड्ड्यातून खालच्या चरात उतरतं."

"आणि चरात बदकं," बायको म्हणाली. ताईने तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

ताईने सरकारला कळवलं, तशी तोंड झाकलेली, पांढरे पोशाख घातलेली माणसं आली. पंपवाल्याने जागा दाखवली आणि मशीन लागलं. त्रेसष्ट ड्रमांपैकी नऊ शाबूत निघाले. बाकीचे गंजून कागदासारखे झाले होते, उचलायला गेलं की हातात यायचे. दुपारपर्यंत साऱ्या शेतावर तो जुना वास पसरला. पॅकिंगच्या शेडमधल्या बायका नाकाला पदर लावून बाहेर आल्या.

ताई त्याला वडिलांच्या खोलीत घेऊन गेली. मोठे मालक खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होते. खिडकीतून खालची पट्टी दिसत होती, मशीनही दिसत होतं.

"बाबा, हे म्हणतात की तुम्ही पुरायला सांगितलं."

मालकांनी बराच वेळ जीभ जुळवली. "मी असं... काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "सही... कुणाची आहे?"

ताई वडिलांकडे बघत राहिली. मग तिने रुमालाने त्यांच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पुढे चौकशी झाली, खटला झाला. बाबा खरं बोलत नाहीत असं मला वाटतं, असं ताईने कोर्टात सांगितलं. पण वाटणं वेगळं आणि कागद वेगळा. मालकांची तब्येत कोर्टात आणण्याजोगी नव्हती. कागदावर पंपवाल्याची सही होती आणि अकरा दिवस गप्प राहिल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं होतं. त्याला पाच महिन्यांची शिक्षा झाली. अंडी किती घरांत शिजली ते कुणालाच सांगता आलं नाही. बायकोच्या रक्तात ते औषध सापडलं. डॉक्टर म्हणाले, "बघू. दर सहा महिन्यांनी तपासत राहू." तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, त्या कशाने येतात ते त्यांनी सांगितलं नाही.

ताईने प्रत्येक दुकानाला पत्र लिहिलं आणि त्यात काही झाकलं नाही. सगळ्यात मोठा व्यापारी आठवड्याच्या आत गेला. त्याच्यामागून दुसरे गेले. वरच्या रानातली फळं, धान्य, सगळं तपासून स्वच्छ निघालं, तरी दोन हंगाम माल पडून राहिला आणि बावीस माणसांना काम सोडावं लागलं. पर्मनंटचा विनोद करणारा फिटर त्यांतच होता. तिसऱ्या हंगामात व्यापारी परत येऊ लागले. अक्रोड नुकतेच भरात आले होते आणि झाडांना या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. शेत तगलं. उरलेल्या अकराशे साठ एकरांत ताईचं गणित बरोबर ठरलं. चाळीस एकरांना तारेचं कुंपण पडलं.

पंपवाला सुटून आला तेव्हा फाटकाजवळच्या खोल्यांत त्याचंच सामान होतं. बायकोचं नव्हतं. ती पॅकिंगच्या शेडमागच्या खोलीत राहायला गेली होती आणि पुन्हा फळं निवडत होती. बदकं ताईने परत आणली नव्हती. तिने विचारलं तेव्हा बायकोच नको म्हणाली होती.

"तुम्हाला कामावर ठेवू नये, असं इथे प्रत्येकाला वाटतं," ताई म्हणाली. "मलाही वाटतं. पण पट्टीत काय कुठे होतं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. कुंपणाच्या आतलं काम तुमचं. बाहेरच्या कशाला हात लावायचा नाही."

काम असं होतं: चाळीस एकरांत वाढणारं गवत कापायचं, पोत्यांत भरून जाळायला पाठवायचं, आणि दर दोन महिन्यांनी ठरलेल्या साठ जागांवरून माती बरण्यांत भरायची. आकडे वर्षाला कणाकणाने उतरत होते. लॅबवाल्याने एकदा हिशेब करून सांगितलं, की रान मोकळं व्हायला तुमचं वय पुरणार नाही. दुपारची भाकरी तो कुंपणाच्या बाहेर, एकटा बसून खायचा.

अशात एके दिवशी दहा-बारा मैलांवरच्या एका मोठ्या शेतावरचा फवारणीवाला सायकलवर आला. दोघांची जुनी तोंडओळख होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडेही आहेत. विहिरीच्या मागे. चाळीसेक असतील."

पंपवाल्याने खुरपं खाली ठेवलं.

"तू सांगितलंस," तो माणूस म्हणाला. "सांगून काय मिळालं?"

"पाच महिने आत राहिलो. बायको वेगळी राहते. लोक बोलत नाहीत."

"म्हणजे सांगू नये."

"मी आधी सांगायला हवं होतं. तुझ्या विहिरीचं पाणी कोण पितं?"

"सगळेच. आम्हीपण." तो सायकलचा ब्रेक दाबत, सोडत उभा राहिला. "माझ्या दोन पोरी आहेत. छप्पर मालकाचं आहे. मी तुला काही बोललो नाही, काय?"

तो निघून गेला. पंपवाला मग हात न धुता उठला, ऑफिसात गेला आणि ताईसमोर उभा राहून सगळं सांगितलं. शेताचं नाव, विहिरीची दिशा, आकडा. ताईने त्याच्यासमोरच फोन लावला.

तिथेही पांढऱ्या पोशाखातली माणसं गेली. एक्केचाळीस ड्रम निघाले. विहिरीच्या पाण्यात ते औषध नुकतंच उतरू लागलं होतं. मालकाने फवारणीवाल्याला त्याच आठवड्यात घराबाहेर काढलं. तो पुन्हा सायकलवरून आला, कुंपणापाशी थांबला आणि पंपवाल्याला आईबहिणीवरून जे बोलायचं ते सगळं बोलला. पंपवाला तारेच्या आत उभा राहून ऐकत होता. थकून तो माणूस निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको कुंपणाशी आली. दोन वर्षांत ती त्याच्याशी आपणहून बोलली नव्हती.

"त्याच्या घरात कोण कोण आहे?" तिने विचारलं.

"बायको आहे. दोन पोरी. थोरली आठ वर्षांची असेल."

"राहतात कुठे आता?"

"गावाच्या शाळेमागे, कुणाच्या तरी ओसरीवर, असं ऐकलं."

ती बोटं एकमेकांवर चोळत होती, मुंग्या आल्या की चोळायची तशी. त्याला वाटलं, ती आणखी काही बोलेल. ती शेडकडे परत गेली. थोड्या वेळाने तो बघत होता तेव्हा ती गव्हाची अर्धी गोणी मालाच्या गाडीत चढवून घेत होती आणि ड्रायव्हरला शाळेचा रस्ता विचारत होती. गाडी फाटकातून बाहेर पडली. साठातल्या एकोणीस बरण्या अजून भरायच्या राहिल्या होत्या. तो पुढच्या खुंटीकडे वळला.